विहिरीत मुरत घातलेली बाभूळ

आत्याबाई, मळ्याचं फाटक पुन्हा कललं आहे. तुम्ही असतात तर कपाळावर हात मारून घेतला असतात आणि आधी मलाच झापलं असतंत, म्हणून तुम्हालाच पहिल्यांदा सांगते. ज्या दांड्यावर ते फिरतं त्याचं खालचं टोक, दगडाच्या खळग्यात बसतं ते, भुसभुशीत झालंय. बोट लावलं तर आत जातं. उघडताना फाटक जमीन खरडत येतं आणि लावताना दोन्ही हातांनी उचलून न्यावं लागतं. माझ्या गुडघ्यांना आता ते झेपत नाही. सध्या मी ते कुंपणाच्या खांबाला तारेनं आवळून टाकलं आहे आणि तारेवर जुन्या लुगड्याची किनार गुंडाळली आहे, म्हणजे येणाऱ्याला वाटावं म्हातारीनं काहीतरी नवस बांधलाय. मुलगा नगरहून फोन करतो, विचारतो, "आई, फाटक नीट आहे ना?" मी म्हणते, आहे की, त्याला काय धाड भरलीय. फोन ठेवला की जाऊन तार पुन्हा एकदा आवळून येते. हे खोटं कशासाठी, ते सांगायलाच बसले आहे, पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

माझं लग्न होऊन मी तुमची सून झाले त्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही धड आला नव्हता, पण ते कोण लक्षात ठेवतं? नवी नवरी घरात आली आणि आभाळ कोरडं गेलं, एवढंच लोकांना दिसतं. मी सातवी पास झालेली, तुमच्या मानानं शिकलेली पोर, पण पांढऱ्या पायाची म्हणतील या एका धास्तीनं मला अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या चुलत सासूबाई बोलल्याच. आपल्याच विहिरीवर, आपलंच पाणी भरताना. मी घागर तशीच ठेवली आणि मान खाली घातली. तुम्ही मोसंबीच्या आळ्यात पाणी सोडत होतात. तिथूनच ओरडलात, "काय गं, पाऊस काय हिच्या वटीत घालून धाडला हुता का हिच्या आयबापानं, आन हिनं वाटंत सांडला? भर तुजी घागर आन चल नीघ." त्या बाई घागर घेऊन गेल्या आणि संध्याकाळी पुन्हा आल्या, कारण त्यांची विहीर तळाला गेली होती. तुम्ही त्यांना कधी नाही म्हटलं नाहीत. मला मात्र लगेच म्हणालात, "तू बी काय मुंडी खाली घालून हुबी ऱ्हातीस? फाटक लाव आधी." तुमच्याकडून मिळालेला तो पहिला आधार आणि पहिली ताकीद, दोन्ही एकाच दमात.

त्या फाटकापायी मी किती बोलणी खाल्ली! मामंजींनी जुन्या बैलगाडीच्या लाकडांतून केलेलं ते फाटक. आडवे दांडे, एक तिरका, आणि फिरायला दगडात खळगा. मला त्यात काही विशेष दिसत नव्हतं. तुम्ही मात्र सकाळी उठून चुलीच्या आधी फाटकाकडे जात होतात. हात लावून हलवून बघायचं, खालच्या टोकाशी वाळवीची माती चढली असेल तर खरवडायची, मग तोंड धुवायचं. मला वाटे, या बाईला देवापेक्षा लाकूड प्यारं. मग हळूहळू कळलं. आत मोसंबीची झाडं होती, मामंजी गेले त्या वर्षी तुम्ही एकटीनं लावलेली. आता कुठे पहिला बहार धरायच्या वयाची झाली होती. चहूबाजूंनी बोरीबाभळीच्या काट्याचं कुंपण आणि घायपात. आत यायला वाट एकच, फाटकाची. आणि बाहेर सगळ्या पंचक्रोशीत हिरवं पान म्हणून उरलेलं नव्हतं.

फाटकाला बिब्ब्याचं तेल लावायची तुमची पद्धत मला माहीत नव्हती. माझ्या माहेरी बिब्बा दृष्ट लागू नये म्हणून दाराला टांगतात, एवढंच मला माहीत. तुम्ही वाटीत काळं तेल दिलंत, काठीला फडकं बांधून दिलंत आणि म्हणालात, "खालून लाव, वाळवी खालून चढती. हाताला लावून घिऊ नगंस." मी शहाणी. काठीनं नीट बसेना म्हणून फडकं सोडवून हातात घेतलं, घाम आला तसा त्याच हातानं पुसला. दुसऱ्या दिवशी बिब्बा असा उतला की डोळे उघडेनात. आरशात बघून मी भोकाड पसरलं. तुम्ही आधी पोट धरून हसलात, "आगं बया, ह्यो भोपळा कुठून आला!" आणि मग दिवसभर माझ्याजवळ बसून खोबरं चावून चावून त्याचा चोथा माझ्या गालांना लावत राहिलात. घरात खोबऱ्याची ती शेवटची वाटी होती. सणाला ठेवलेली. सासरी माझं पहिलं कौतुक झालं ते सुजलेल्या तोंडाचं. अजूनही बिब्बा लावायचा झाला की मी काठीच वापरते, आणि हसू येतं.

तुमचा मुलगा तेव्हा दुष्काळी कामावर, रस्त्याच्या खडीवर. लांब होतं, तिकडेच पाल ठोकून राहायचे. बाजाराच्या दिवशी सुट्टी असे तेव्हा येत, मजुरीत मिळालेला मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, टाकत आणि परत जात. येताना बोलणं नाही, जाताना बोलणं नाही. एकदा मात्र भाकरी अर्धी ठेवून म्हणाले, "आई, फुडच्या बाजारी घराला कुलूप लावू. तुमी दोघी बी चला तिकडं. तिघांची हजेरी लागंल, टँकरचं पानी तरी मिळंल."

"आन झाडं?"

"झाडांचं काय घिऊन बसलीस? मानसं जगली पायजेत का झाडं?"

तुम्ही चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलंत. मी कोपऱ्यात बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगू का आत्याबाई, मला जावंसं वाटत होतं. तिकडे चार बायका असतील, कोणाला माझं लग्न कधी झालं ते माहीत नसेल. पण मग तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही नुसत्या फाटकाकडे बघत होतात. हे गेल्यावर म्हणालात, "त्यो म्हनतो त्यात काय खोटं न्हाई. पर ही जळली तर मी परत कशाला यायचं, सांग?"

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. लोक जनावरं सोडून देत होते. दावणीला मरताना बघवत नाही, म्हणून कपाळाला कुंकू लावायचं, पाया पडायचं आणि दावं काढायचं. त्यातला एक बैल आपल्या कुंपणाला लागला. मोठ्या हाडापेराचा, कधीकाळी कोणाचा लाडका असणार, शिंगांना रंगाचे पोपडे अजून होते. तो ओरडत नव्हता, धडक देत नव्हता. नुसता येऊन फाटकाला अंग टेकवायचा आणि मोसंबीकडे बघत उभा राहायचा. तुम्ही काठी घेऊन धावलात, पण मारलं नाहीत. त्याच्या कपाळावरचं कुंकू बघून काठी खाली आली. दोन दुपारी हे चाललं, तिसऱ्या दुपारी दांडा खालून कडकन मोडला आणि फाटक आत पडलं. आपण दोघींनी बोंब मारत बाज आडवी टाकली, वर काटे ओढले. माझे दोन्ही तळहात रक्तानं भरले. तो बिचारा फाटक पडल्यावर स्वतःच घाबरून मागे सरला होता.

दुसरा दांडा कुठून आणायचा? सुतार कामावर गेलेला. बांधावर एक बाभूळ उभी होती, ती तोडून लावू म्हटलं तर तुम्ही अंगावर आलात. "कच्ची बाभूळ लावतीस? वाळंल तशी पिळवटंल, वरसात भुंगा भुगा करंल. पान्यात मुरवल्याबिगर बाभळीला हात लावायचा न्हाई." मी म्हटलं, प्यायला पाणी नाही आणि मुरवायला कुठून आणायचं?  मग आपण पाळीपाळीनं बाजेपाशी काठी घेऊन बसायला लागलो. जिची पाळी नाही तिला झोप नाही, जिची पाळी आहे तिला भूक नाही. बाजाराचा दिवस जवळ येत होता आणि हे येऊन मोडकं फाटक बघणार, मग बोलायला जागाच उरणार नव्हती. तुम्ही म्हणालात, "बैल गेला आन झोपा केला, तशातली गत नगं व्हायला." पण करणार काय?

अशात एका सकाळी मी पोहरा सोडला. दोर रोज थोडा जास्त सोडावा लागे, त्याची सवय झाली होती. त्या दिवशी पोहरा पाण्याला लागायच्या आधीच खट्‍ वाजलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तळ लागला. विहीर आटली, आणि ती माझ्या हातात आटली. आता चुलत सासूबाईच काय, सगळी वस्ती म्हणणार. मी दोर तसाच टाकला आणि धावत तुमच्याकडे आले. नुसता विहिरीकडे हात केला. तुम्ही काठी टाकून विहिरीकडे पळालात, तुम्हाला पळताना मी तेव्हाच बघितलं. काठावर ओणव्या होऊन बघितलंत. किती वेळ बघत राहिलात! मी मागे उभी, हात जोडून, कोणत्या देवाला ते कळत नव्हतं.

मग तुम्ही मटकन खाली बसलात आणि म्हणालात, "मेल्यानं घातलं व्हय शेवटी."

मला वाटलं, तुमचं डोकं फिरलं. तुम्ही माझं मनगट धरून मला ओणवं केलंत. खाली थोड्याशा काळ्या पाण्यात एक जाडजूड ओंडका आडवा पडला होता, त्याला साखळी आणि साखळीला धोंडा. मामंजींनी मरायच्या आदल्या पावसाळ्यात नव्या फाटकासाठी बाभूळ तोडली होती. तुम्ही त्यांच्याशी भांडला होतात, चांगलं फाटक असताना कशाला नसती उठाठेव. त्यानंतर बाभूळ दिसेनाशी झाली. तुम्ही समजलात, विकून टाकली. ते गेले, विहीर भरलेली राहिली, आणि लाकूड खाली पडून राहिलं. हे सगळं सांगताना तुम्ही हसत होतात आणि डोळ्यांना पदर लावत होतात. "लाकूड घावलं म्हून हसू का पानी गेलं म्हून रडू गं?" मला विचारलंत. मला तरी काय कळत होतं. मी तुमच्या खांद्याला धरून बसले. तुमच्या अंगाला मी आपण होऊन हात लावला तो त्या दिवशी.

ओंडका काढायला त्याच चुलत सासूबाई आणि त्यांच्या सुना आल्या. रहाटाला दोर बांधून आपण सगळ्या बायका ओढत होतो. लाकूड वर आलं तेव्हा ते कोळशासारखं काळं आणि असं जड की चौघींना उचलेना. त्याला कुजका वास येत होता. तुम्ही नखानं टोकरून बघितलंत, नख बसलं नाही. गोणपाट ओलं करून त्यावर टाकलंत, सावलीत ठेवलंत, एकदम वाळलं तर तडकतं म्हणून. आणि विहिरीत? ओंडका निघाल्यावर त्याच्या जागी खड्ड्यात पाणी गोळा झालं, दिवसाला काही घागरी पाझरत राहिलं. तेवढ्यावर आपण आणि झाडं. मी रोज पोहरा सोडताना डोळे मिटत होते.

बाजाराच्या दिवशी हे आले. पडलेलं फाटक बघितलं, बाज बघितली, आणि चेहरा असा केला की झालं, संपलं. तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावरच्या साखळीकडे गेली. त्यांनी ती हातात घेतली, एक कडी दुसऱ्या लोखंडाची होती ती बोटानं चाचपली. "ही म्या जोडली हुती," म्हणाले. मामंजींना ते दादा म्हणत. "दादांनी मला सांगितलं हुतं, आईला बोलू नगंस." एवढंच. मग आत गेले आणि मामंजींचा वाकस घेऊन आले. दिवसभर ते लाकूड तासत होते. तासताना ढलप्या उडत, त्या तुम्ही एकेक वेचून पदरात घेत होतात, चुलीला लावायला. पण चुलीत मी त्या कधी बघितल्या नाहीत. दांडा खळग्यात बसला, फाटक फिरलं, कुलपाचं नाव कोणी काढलं नाही. जाताना हे मला म्हणाले, "बिब्बा लावताना जपून." लग्नानंतर त्यांनी माझी केलेली ती पहिली थट्टा. मी आत जाऊन हसले.

बैल पुन्हा आला. अंग टेकवलं. माझा जीव टांगणीला लागला, पण फाटक हललं नाही. तुम्ही एका घमेल्यात पाणी घेऊन गेलात, दांड्यांच्या खालून बाहेर सरकवलंत. त्या दिवसांत! मी कळवळून म्हटलं, "आत्याबाई, झाडांना पुरत नाही." तुम्ही त्याच्याशीच बोलत होतात, "पाला न्हाई द्यायची बाबा. पानी पी. पी आन जा." तो पाणी पिऊन फाटकाशीच बसला. काही दिवस येत राहिला, मग यायचा थांबला. तुम्ही घमेलं मात्र ठेवतच होतात.

झाडं सगळी वाचली नाहीत, पण बाग वाचली. विहीर पुन्हा भरली तेव्हा तुम्ही बांधावरची ती बाभूळ तोडायला लावलीत, लाकडाला भुंगा लागू नये म्हणून वद्य पक्ष बघून, आणि तीच साखळी, तोच धोंडा बांधून काठावर आणलीत. मला म्हणालात, "तू सोड. तुज्या येळंला लागंल." मी साखळी धरली आणि हात आखडला. मला त्या पाण्याची भीती वाटली. मी म्हटलं, "आत्याबाई, हे दिसायचं म्हणजे विहीर आटायची."

"व्हय की."

"मग कशाला घालायचं?"

"लागलं तर असावं म्हून. आन दिसू नये म्हून द्येवाला सांगायचं. बायकांचं दुसरं काय असतंय?"

मी सोडली. बुडबुडे आले आणि पाणी मिटलं.

तेव्हापासून माझी दर उन्हाळ्याची ही खोड. चुलीच्या आधी फाटक, आणि फाटकाच्याही आधी विहीर. वाकून बघायचं, काही दिसलं नाही की हुश्श करायचं. तुम्ही गेलात, हे गेले, मोसंबीच्या जागी दुसरी झाडं आली, मोटार बसली. नुसतं पाणी दिसलं की माझा दिवस सुरू होत असे. मुलगा मागे एकदा म्हणाला होता, विहीर उपसून ते लाकूड काढू, मी आडवी पडले. आता तो म्हणतो, लोखंडी गेट लावू. आणि खरं तर गेटसुद्धा नको, कशाला एकटी राहतेस, कुलूप लाव आणि चल नगरला. बापाचेच शब्द, नुसते शुद्ध बोलतो. सून चांगली आहे, नातवंडं गोड आहेत, तिकडे नळाला पाणी येतं. नाही म्हणायला माझ्याकडे एकच कारण आहे, की मळा हिरवा आहे, विहिरीला पाणी आहे.

आजूबाजूला सगळ्यांनी बोअर घेतले आहेत, खोल खोल. परवा मोटार नुसता वारा ओढायला लागली. मी बंद केली, कोणाला बोलले नाही. काल काठावर जाऊन वाकले. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, वाटलं सावली असेल. म्हणून जुना पोहरा शोधला आणि दोर सोडला.

खट्‍ वाजलं, आत्याबाई.

फाटकाला लागणारं लाकूड डोळ्यांसमोर आलं आहे आणि मी तारेवर किनार गुंडाळत बसले आहे. ते काढायचं तर माणसं बोलवावी लागतील, आणि माणसं विहिरीत बघतील. मुलगा रविवारी येतो म्हणालाय. हा कागद कुठे टाकायचा ते मला कळत नाही, घडी करून डब्यात ठेवीन. मी विहिरीवर पत्रा टाकून ठेवला आहे, आणि कोणी विचारलं तर सांगणार आहे की पालापाचोळा पडतो.